कार्बोरेटरमधली शेपटीची चरबी

बेय्शेन बाइके घोड्यावर बसत नाहीत. कोचकोरच्या वरच्या आमच्या गावात हे उघड बोलायची पद्धत नाही. माहीत मात्र सगळ्यांना आहे. तरुणपणी घोड्यावरून बकरा ओढायच्या खेळात ते पडले आणि त्यांच्या अंगावरून दोन घोडे गेले. तेव्हापासून घोडा समोर आला की त्यांना कुंपणापलीकडचं काहीतरी काम आठवतं.

आणि काम कसलं, तर पाटकऱ्याचं. ओढ्याचं पाणी कुणाच्या बटाट्याला आज आणि कुणाच्या उद्या, हे ठरवायचं आणि दगडधोंड्यांतून वर जाऊन पाटाचं दार उघडायचं. तिथवर एकतर घोडा जातो, नाहीतर बाइकेंची जुनी टू-स्ट्रोक गाडी. उंच, हाडकुळी, मागे निळा धूर, वर बाइकेंची पांढरी टोपी. गाडीवरून गेलं की माणूस भित्रा दिसत नाही, नव्या जमान्याचा दिसतो.

मी मुकाश, त्यांचा शेजारी. बाइके म्हणजे थोरला भाऊ, मी त्यांना तसंच म्हणतो. माझ्या खिडकीतून त्यांचं अख्खं अंगण दिसतं. खिडकी मीच त्या बाजूला पाडून घेतली. मी लष्करात मोटार तुकडीत होतो, असं मी सांगतो. त्या तुकडीच्या भटारखान्यात होतो, असं माझी बायको सांगते. दोन्ही खरं आहे.

बाइकेंची बायको सादात म्हणजे माझी जेंगे, वहिनी. आमच्याकडे सून नवऱ्याच्या भाऊबंदांची नावं घेत नाही, टोपणनावं ठेवते. मला तिने 'शहाणा' ठेवलंय. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी ठेवलं, म्हणजे बाईची पारख बघा.

हिवाळ्यात पाट गोठतो आणि गाडी झोपते. पेट्रोलचा कॉक बंद करून बाइके ती धापा टाकत बंद पडेपर्यंत चालू ठेवतात. मग कार्बोरेटर काढून चुलीजवळ आणतात, खालची वाटी सोडवतात, जेटची बारीक भोकं तोंडाने फुंकतात. आत पेट्रोल राहिलं तर ते उडून जातं आणि त्यातल्या ऑइलचा चिकटा बारीक भोकात बसतो, म्हणून सगळं कोरडं करून पातळ तेलाचे चार थेंब सोडायचे आणि फडक्यात बांधून रजयांच्या ढिगामागे ठेवायचं. एकेक गोष्ट इतकी जपून करतात की जेंगे म्हणते, "आमच्या थोरल्याला एवढं कधी गुंडाळलं नव्हतं."

गेल्या हिवाळ्यात मात्र ती म्हणाली, "अहो, पुरे झालं. घरभर पेट्रोलचा वास. वसंतात नौरोजला गाडी एका दमात सुरू झाली तर ठेवा. नाही झाली तर दोलोत मेंढपाळ घेतोय, बदल्यात घोडी देतोय."

"घोडी?" बाइके म्हणाले.

"शांत आहे. तुमच्याहून शांत."

बाइकेंच्या हातातला चहा तसाच निवला. घोडी आली की सगळ्या गावासमोर तिच्यावर चढायचं, नाहीतर पाटकरीपण सोडायचं. तिसरा रस्ता नव्हता.

त्यातच पातळ तेल संपलेलं आणि घाटात बर्फ. त्याच दिवशी आमच्याकडे हिवाळ्याची बेगमी म्हणून मेंढा कापला होता. मी त्याच्या जाड शेपटीची वाडगाभर चरबी वितळवून घेऊन गेलो.

"बाइके, आजोबा बंदूक कशात ठेवायचे? चरबीत. खोगीर कशात? चरबीत. मग कार्बोरेटर काय आभाळातून पडलाय?"

"मुकाश, भोकं बारीक आहेत रे."

"म्हणून तर पातळ करून आणलीय. मी मोटार तुकडीत होतो."

घोडीने माणसाचं डोकं किती खाल्लेलं असावं, तर त्यांनी ऐकलं. वाटी काठोकाठ भरली. उरलेली चरबी चिंधीला चोपडून मी सायलेन्सरच्या तोंडात कोंबली, उंदीर आत जाऊ नयेत म्हणून. उंदरांना चरबीने अडवणारा माणूस साऱ्या खोऱ्यात मीच असेन.

नौरोजला अंगणात सगळे जमले. दोलोत घोडी घेऊन फाटकात उभा, सोबत त्याची दोन कुत्री. बाइकेंनी किक मारली. पुन्हा मारली. टोपी काढून मारली. गाडीने साधा खोकलासुद्धा काढला नाही.

त्यांनी कार्बोरेटर सोडवला. वाटीत मेणबत्तीसारखा पांढरा गोळा.

"ही अक्कल कुणाची?" जेंगेने विचारलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"ठरल्याप्रमाणे गाडी दोलोतची," ती म्हणाली.

दोलोत म्हणाला, "मढं घेऊन काय करू, जेंगे? चालू करून द्या, घोडी सोडतो."

मी बाइकेंच्या कानाशी लागलो. "राहू द्या तशीच. सुरू झाली नाही तर तो नेणारच नाही."

"आयुष्यभर कुणाच्या पाण्यात गडबड केली नाही," ते म्हणाले, "आता यात करू? पाणी तापव."

जेंगेने तिची कढई दिली नाही. माझ्या घरची किटली गेली. तिच्यात कार्बोरेटर उकळला. बायको माझ्याशी अजून तुटक बोलते. बाइकेंनी जेट वाळवले, पेट्रोलने धुतले, फुंकले, सायलेन्सरमधली चिंधी ओढून काढली. जी सुरू झाली की घोडी गळ्यात पडणार, तीच गाडी हा माणूस लेकराला आंघोळ घालावी तशी साफ करत होता. मला तिथे उभं राहवेना, म्हणून मी उभं राहून सूचना देत होतो.

दुसऱ्या किकला ती सुरू झाली. बाइकेंचा चेहरा उतरला.

"दोन माणसं ओढते का ते दाखवा," दोलोत म्हणाला. दुसरा माणूस म्हणून सर्वांत जड कोण, यावर फार चर्चा झाली नाही.

आम्ही गल्लीच्या टोकापर्यंत गेलो तोवर सायलेन्सर तापला आणि आतल्या भिंतींना बसलेली चरबी भाजायला लागली. मागे जे सुटलं त्याला धूर म्हणणं पाप आहे. लग्नाच्या जेवणाचा वास तो. आधी दोलोतची कुत्री आली, मग गल्लीतली, मग ज्यांना मी कधी पाहिलं नव्हतं अशी. गाडीची मागची बाजू म्हणजे मीच होतो. परत आलो तेव्हा माझ्या कोटाची एक बाही कमी होती आणि अंगण कुत्र्यांनी भरलं होतं.

दोलोतने त्याच्या कुत्र्यांना हाक मारली. ती सायलेन्सर चाटायच्या घाईत होती, पोळून मागे यायची आणि पुन्हा जायची. दोलोतने घोडीचा लगाम पुन्हा हाताला गुंडाळला.

"ही नको," तो म्हणाला. "माझी कुत्री मेंढ्या सोडून हिच्या मागे फिरतील. कळप काय मी भुंकून राखू?"

घोडी घेऊन तो गेला. कुत्री गेली नाहीत. त्याला ती दोरीने ओढून न्यावी लागली.

जेंगे बाइकेंकडे बघत होती. ते हँडल धरून उभे होते, गाडी बंद करायचंही सुचलं नव्हतं. "घोडीला तुम्ही इतके घाबरता, हे सांगायचं तरी," ती म्हणाली.

"तुला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं. सांगायचं तरी."

मग ती माझ्याकडे वळली. "शहाण्या, पुढच्या हिवाळ्यात हिच्याजवळ दिसलास तर तुलाच चरबीत घालून ठेवीन."

चरबी तर महिन्याभरात जळून गेली. कुत्र्यांना सवय राहिली. बाइके वर निघाले की गावभर भुंकणं उठतं आणि बायका फावडी उचलतात: आज पाणी येणार.