लॉकरमधली कोरडी वही

ती वही पुरात गेली नव्हती. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. बदलापूरला, आमच्या मांजर्लीतल्या घरात छातीएवढं पाणी होतं तेव्हा ती वही अंबरनाथला, कंपनीतल्या माझ्या लॉकरच्या वरच्या कप्प्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरडीठाक पडलेली होती.

वही माझी नव्हती. आमच्या इन्स्पेक्शनमधल्या एका मुलीची होती. मी तेव्हा टूलरूमला होतो, वय तिशीच्या जरा पुढे. कंपनी पंपांचे भाग बनवायची. एका जपानी कंपनीशी करार झाला आणि नोटीस लागली की शॉपमधल्या एकाला सहा महिने ट्रेनिंगला तिकडे पाठवणार. अट एकच, जुजबी जपानी यायला हवी. तिकडचे साहेब गणपतीच्या आधीच्या आठवड्यात येऊन परीक्षा घेणार होते. सुरुवातीला आम्ही सहाजण क्लासला जायला लागलो. पावसाळ्यापर्यंत दोघं उरलो, ती आणि मी.

क्लास उल्हासनगरला, कॅम्पात, एका साडीच्या दुकानाच्या वरच्या खोलीत, दर रविवारी सकाळी. सर सिंधी. त्यांची बावीस वर्षं जपानात, कोबेला, एका कापडाच्या पेढीवर गेली होती. जपानी त्यांना तोंडातून यायची, पुस्तकातून नाही. पुस्तक नव्हतंच. ते खाटेवर मांडी घालून बसायचे आणि बोलायचे, आम्ही सतरंजीवर बसून जमेल तसं लिहून घ्यायचो.

ज्या रविवारी 'नाही' शिकायचं होतं, त्या रविवारी सर टाळाटाळ करायला लागले.

"देखो साईं, धंदे में ना नहीं बोलते. मेरा सेठ बोलता था, ग्राहक के मुँह पे 'नाई' बोला तो शाम को अपनी पेटी उठा के जा."

"मग माल नसेल तर काय म्हणायचं सर?" मी विचारलं.

सरांनी दातांतून हवा आत ओढली, मान किंचित तिरकी केली आणि म्हणाले, "चोत्तो... बस. 'जरा...' इतना ही. सामनेवाला समझ जाता है."

मला ते फार आवडलं. मी 'चोत्तो' लिहून खाली दोन रेघा मारल्या. ती मात्र ऐकेना.

"सर, पण आम्ही मशीनवर काम करतो. कुणी फिरत्या मशीनमध्ये हात घालायला लागला आणि मी चोत्तो चोत्तो करत बसले, तर त्याची बोटं जातील ना!"

सर इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग म्हणाले, "लिखो बेटा, लिखो." आणि सुरू झाले. नोमु म्हणजे पिणे, नोमानाई म्हणजे पीत नाही. इकु, इकानाई. ताबेरु, ताबेनाई. कुरु म्हणजे येणे, त्याचं मात्र कोनाई. सर नियम सांगत नव्हते, नुसते शब्द फेकत होते, मध्येच कोबेतल्या कुठल्याशा पावसाळी दुपारची गोष्ट सांगत होते. माझ्या डोक्यात नुसता गोंधळ.

तिने पुढच्या रविवारी वही उघडून दाखवली. आठवडाभर बसून तिने सरांचे सगळे शब्द चाळून त्यांचे गट पाडले होते. शेवटी उ आला की त्याचा आ करायचा आणि नाई जोडायचं. रेरु-बेरुवाले वेगळ्या रांगेत. हट्टी दोघं, येणे आणि करणे, चौकटीत. जिथे आपण हमखास चुकणार तिथे लाल पेनाने गोल. आणि वर देवनागरीत, ठळक: 'आपल्यासारखंच. आधी क्रिया, मग नाही. हिंदीतून विचार करू नये.'

खरंच की. सर हिंदीतून शिकवायचे, 'नहीं पीता', आणि आम्ही तेच उलटं करत बसायचो. तिने मराठीत आणल्यावर दहा मिनिटांत डोक्यात बसलं. शेवटची चार पानं मशीनची. झाकण बंद होत नाही. तेल येत नाही. माप जुळत नाही. तिने सरांना एकेक विचारून घेतलेलं सगळं.

मी म्हटलं, "ही वहीच आपलं पुस्तक."

"मग झेरॉक्स काढून घ्या ना दादा," ती म्हणाली. "पुढच्या रविवारी आणा म्हणजे झालं."

आता इथे थोडं थांबून एक गोष्ट कबूल करतो, कारण त्याशिवाय पुढचं खोटं वाटेल. शॉपमध्ये आमची चेष्टा चालायची. टूलरूममधला एक जण रोज विचारायचा, "काय रे, इन्स्पेक्शनवाली चालली जपानला, मग तू काय जांभूळला?" जांभूळ म्हणजे आमच्या शेजारचं गाव. सगळे हसायचे, मीही हसायचो. एकदा तोच म्हणाला, "तिला काय, तिच्या लोकांना सगळीकडे जागा राखून असते." आमच्या त्या परीक्षेत कसली राखीव जागा! त्याला ते ठाऊक होतं, मलाही होतं. तरी मी हसलो. ती बौद्ध वस्तीतली होती. एका मुलीने मला मागे टाकलं हे मी मनातल्या मनात मान्य करायचो, तेवढा मी स्वतःला मोकळ्या विचारांचा समजायचो. पण त्या वस्तीतल्या मुलीने मागे टाकलं, हे मला लागत होतं. ते मी स्वतःशीसुद्धा कधी बोललो नव्हतो.

रविवारी वही घेतली. सोमवारी सेकंड शिफ्टला जाताना कंपनीच्या गेटासमोर झेरॉक्सवाल्याकडे थांबलो. लाईट नव्हती. "उद्या या," म्हणाला. मी वही लॉकरमध्ये ठेवली. इथपर्यंत माझ्या मनात काही नव्हतं, हे खरं आहे.

दुसऱ्या दिवशी उल्हास नदी गल्लीत आली. दोन हजार पाच सालची गोष्ट. आम्ही तळमजल्यावर. शेजाऱ्यांनी वर ओढून घेतलं म्हणून वाचलो. पाणी उतरल्यावर घरात उरला तो चिखल. गाद्या, धान्य, लग्नाचा अल्बम, सगळ्याचा एकच रंग. बायको फावड्याने चिखल ओढून दाराबाहेर टाकत होती आणि त्यात काय काय आहे ते बघायचं तिने सोडून दिलं होतं.

चौथ्या की पाचव्या दिवशी ती वहीवाली मुलगी आली. सोबत तिचे वडील. स्टेशनपासून त्या चिखलाच्या रस्त्याने चालत. वडिलांच्या डोक्यावर तांदळाची पिशवी, तिच्या हातात डबा आणि कापडांचं गाठोडं. वडील दारात "जयभीम" म्हणाले. मी नुसतं "या, या" म्हटलं. बसवायला जागा नव्हती. डब्यात भाकरी आणि सुकटीची चटणी होती. चार दिवसांनी आम्ही घरचं म्हणावं असं जेवलो, उभ्याउभ्या. गाठोड्यात तिच्या आईच्या दोन साड्या. बायकोने तिथेच रडायला सुरुवात केली.

ती भिंतीवरची पाण्याची रेघ बघत होती. मग अगदी हळू म्हणाली, "दादा, वही..." आणि लगेच, "असू दे, असू दे. काय पण विचारते मी."

तोपर्यंत मला वहीची आठवणसुद्धा नव्हती. त्या क्षणी झाली. लॉकर डोळ्यांपुढे आला, पिशवी दिसली. सांगायला एक वाक्य पुरे होतं. मी मान हलवली. नुसती मान, नदीच्या दिशेने.

बायकोने डोळे पुसले. "क्लासची वही का गं? माझ्याच हातनं गेली असणार. कागदाचा सगळा लगदा मीच बाहेर फेकला. बघितलंसुद्धा नाही बघ."

"वहिनी, वहीचं काय घेऊन बसलात? माणसं आहेत ना!"

मी तोंडात भाकरीचा घास धरून उभा होतो. तेव्हाही बोलता आलं असतं.

आठवड्याने कंपनी सुरू झाली. लॉकर उघडला, वही होती. मी स्वतःला म्हटलं, संध्याकाळी देतो. सांगतो की सापडली. मग म्हटलं, एकदा वाचून घेतो आणि उद्या देतो. त्यानंतर रोज जेवणाच्या सुट्टीत मी लॉकरचं दार अर्धं उघडून त्याच्या आड उभा राहून ती वही पाठ करायला लागलो. कुणी आलं की डबा शोधत असल्यासारखं करायचो.

क्लास बंद होता. सरांच्या खोलीखालच्या साडीच्या दुकानात पाणी भरलं होतं, जिन्याची पडझड झाली होती आणि सर मुलाकडे पुण्याला गेले होते. म्हणजे तिच्याकडे आता काहीच नव्हतं. ती रिजेक्ट मालाच्या टॅगांच्या मागे आठवतील ते शब्द लिहायची. तिच्या टेबलावर त्या पिवळ्या टॅगांची एक गड्डी तयार झाली होती, रबर लावलेली.

एकदा ती टूलरूमच्या दाराशी आली. "दादा, 'विकत घेणे'चं काय होतं हो? काऊ, मग काआनाई? काहीतरी वेगळं होतं. मी लाल गोल केला होता, एवढं आठवतंय."

कावानाई. त्याच दुपारी मी तो लाल गोल बघितला होता.

"मलाही नाही गं आठवत," मी म्हणालो.

"बघा, दोघांचं डोकं चिखलात गेलं," ती हसून म्हणाली आणि टॅगवर प्रश्नचिन्ह काढून गेली.

पाणी उतरल्यावर हलवलेली मान मी एक वेळ विसरूही शकलो असतो. माणूस थकलेला असतो, घर गेलेलं असतं, असं म्हणून. हे दाराशी दिलेलं उत्तर मात्र मी पोटभर जेवून, शांत डोक्याने दिलं होतं.

परीक्षेत ती फार मागे नव्हती. बोलण्यात तर ती माझ्यापेक्षा बरी होती, साहेब तिच्याशी बोलताना हसत होते. लेखी पेपरात थोड्या गुणांनी मी पुढे गेलो. टूलरूमने माझ्यासाठी पेढे वाटले. ती पेढा खाऊन म्हणाली, "दादा, माझ्या वाटणीचंही बघून या."

मी गेलो. पहिल्याच महिन्यात एका मशीनचं गार्ड, म्हणजे फिरत्या भागावरचं झाकण, नीट बसत नव्हतं. तिथल्या फोरमनने विचारलं, काय झालं? मी म्हणालो, "शिमारानाई." बंद होत नाही. त्याने मशीन थांबवलं, माझ्या पाठीवर थाप मारली आणि बाकीच्यांना काहीतरी सांगितलं. मला एवढंच कळलं की हा माणूस स्पष्ट बोलतो, असं तो म्हणाला. शब्द तिचा होता. मशीनच्या पानावर वरून तिसरा. सहा महिने मी जिथे जिथे 'नाही' म्हणालो, तिथे तिचं अक्षर दिसायचं. मला येत होतं ते सगळं त्या वहीतलंच होतं.

परत आल्यावर मी सुपरवायझर झालो. तिचं लग्न झालं, नोकरी सुटली. तीन-चार वर्षांनी बदलापूरच्या बाजारात भेटली, कडेवर मुलगी. मला बघून इतकी खूश झाली की मला पळून जावंसं वाटलं.

"हे बघ, हे मामा जपानला गेले होते! आम्ही एकाच क्लासला होतो," तिने मुलीला सांगितलं. "दादा, बोला ना हिच्याशी काहीतरी."

मी दोन वाक्यं बोललो. मुलीने आईकडे बघितलं. "तुला येतं?"

"यायचं गं. आता नाही येत."

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "वहिनी बऱ्या आहेत ना? त्यांना म्हणावं, साडी नेसता की नाही आईची?"

बायको ती साडी नेसते. अजून. आणि पुराचा विषय निघाला की अजून म्हणते, "त्या पोरीची वही माझ्या हातनं गेली. कशी काय फेकली मी?" मी पेपर वाचत असतो. पान उलटतो.

वही माझ्या जुन्या पासपोर्टाखाली आहे. पानं पिवळी झाली आहेत, लाल शाई फिकट झाली आहे, पण एकाही पानाला पाणी लागलेलं नाही. ती आता कुठे राहते ते मला माहीत आहे. रिक्षाने पंधरा मिनिटं लागतात. मी गेलेलो नाही.

तिला मी तिची वही देणं लागतो, आणि ती माझ्याकडे का राहिली हे तिच्या तोंडावर सांगणं लागतो. ज्या सहा महिन्यांवर तिचाही हक्क होता ते मला देता येणार नाहीत. बायकोला मी एक वाक्य देणं लागतो. तू ती फेकली नाहीस.