चादरीला चिकटलेला आकडा

माझी मावशी रंगाच्या कारखान्यात तीस वर्षं एकच काम करत आली. रंग पातळ करायचे तीन द्रव वेगवेगळ्या प्रमाणात मिसळायचे, ते रंगात घालून बुडाला भोक असलेला कप भरायचा, भोकावरचं बोट काढायचं आणि धार तुटेपर्यंत किती सेकंद लागले ते वहीत लिहायचं. वहीत खाडाखोड नाही. मावशीचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, आणि हे ती स्वतःच दिवसातून दोनदा ऐकवायची.

तिच्या निवृत्तीला आठवडा उरला, तेव्हा ती वही माझ्याकडे आली. मी त्याच कारखान्यात संगणकावर बसते. साठ मिश्रणांचे साठ आकडे मी पडद्यावर कमीजास्त उंचीच्या खिळ्यांसारखे उभे केले आणि वरून गणिताची एक गुळगुळीत चादर पसरली. मग न मोजलेल्या मिश्रणाचा अंदाजही चादरीच्या उंचीवरून वाचता येतो. कुठे खिळा जरा वर टोचत होता, कुठे चादरीखालीच राहत होता. हाताने मोजलं की असं होतंच. एकच खिळा चादरीला अगदी चिकटून होता.

साहेब त्या खिळ्यावर बोट ठेवून खूश झाले. "बाईंच्या हाताला तोड नाही! उद्या मोठी टाकी याच प्रमाणाने भरू."

मावशीचा चेहरा उतरला. साहेब गेल्यावर म्हणाली, "तेवढा एकच मी मोजलेला नाही. आजूबाजूचे आकडे बघितले नि मधला लिहून टाकला."

"का गं?" मला वाटलं, काहीतरी मोठं कारण असणार.

"कंटाळा आला होता."

मला हसू आलं, आणि भीतीही वाटली. "झाकली मूठ सव्वा लाखाची, मावशी. आठवड्याने सुटशील."

"आणि टाकी?" ती कप पुसायलासुद्धा लागली होती.

तेच मिश्रण करून तिने कप भरला. वहीत एकतीस सेकंद लिहिले होते. एकतीस झाले, धार चालूच. चाळीस झाले. मावशी भीती विसरून कपावर वाकली. "अगं, या प्रमाणात रंग उलट घट्टच होतो की! आणि मला इतकी वर्षं पत्ता नाही!" धार चोपन्नला तुटली. आम्ही पुन्हा दोनदा मोजलं, तरी तेच. माझ्या चादरीला तिथे चांगलं टेंगूळ आलं.

मावशीने साहेबांना खरं सांगितलं, त्यांच्यासमोर एकतीस खोडले, चोपन्न लिहिले आणि खाली सही केली. साहेबांनी टाकी थांबवायला फोन केला. मग वही उलटीसुलटी चाळत त्यांनी विचारलं, "आणि बाकीचे एकोणसाठ?"

मावशीने मान खाली घातली.

"बाकीचे सगळे चादरीपासून थोडे थोडे हललेले आहेत, साहेब," मी म्हणाले. "ते तिने मोजलेत."