एकोणीस म्हणजे किती?

चहा उकळतोय तोवर ऐकून घ्या. एकच विनंती, मधे मधे हसू नका. सगळं हसू शेवटाला साठवून ठेवा, कारण शेवटाला मी जो आपटलोय ना, तसा आमच्या नांदूरघाटात अजून कोणी आपटलेला नाही!

त्या वेळी मी एका सहकारी सोसायटीचा सचिव होतो. अगदी नवाकोरा. बीडच्या कॉलेजातून बी.कॉम. झालेला, त्यात कामगार कायद्याच्या पेपरात वर्गात पहिला. म्हणजे डोक्यात हवा किती असेल, तुम्हीच बघा. सोसायटी गावातल्या बायकांनी काढलेली, काम सीताफळाचा गर काढून डब्यात भरण्याचं. साल दुष्काळाचं. सोयाबीन शेतातच करपलं, कापूस गुडघ्याच्या वर आला नाही, पण डोंगरावरची सीताफळं मात्र कोणालाही न विचारता लगडली होती.

चेअरमन होत्या शेवंताअक्का. वीस वर्षं ऊसतोड केलेली बाई. लिहिणं सहीपुरतं. पण फळावर नुसता अंगठा टेकवायच्या आणि सांगायच्या, हे उद्या सकाळी पिकेल, हे दुपारी. आणि तसंच व्हायचं हो! मला वेळापत्रक समोर धरूनही एसटी कधी येईल ते सांगता यायचं नाही.

दसऱ्याला सीताफळ, नंतर चिंच, असं होळीपर्यंत काम पुरेल हा अक्कांचा हिशेब. नेमके हेच महिने आमच्याकडची माणसं ट्रकात बसून ऊस तोडायला जातात. घराला कुलूप, पोरांची शाळा बंद. गावातच काम मिळालं तर ट्रकात बसायला नको, एवढ्यासाठीच त्या बाईनं सोसायटीचा सगळा खटाटोप केला होता.

आता माझा पराक्रम सुरू होतो.

बैठक बसली. कामाला किती घ्यायचे? मी उठलो, घसा खाकरला, शर्टाची कॉलर नीट केली.

"एकोणीस," मी म्हणालो. "अठरा चालतील, एकोणीस चालतील. वीस नको!"

"कावून?" अक्कांनी विचारलं.

"आपलं डबे सील करायचं मशीन विजेवर चालतं. वीज आणि वीस एकत्र आले की पीएफचा कायदा लागतो. मग नोंदणी, दर महिन्याचे फॉर्म, सोसायटीचा हिस्सा, वर तपासणी. नवी सोसायटी आहे, झेपायचं नाही."

खोटं नव्हतं हो सांगत. आणि ही अक्कल माझ्या एकट्याची थोडीच होती? आमच्याकडच्या बाजारात कुठल्याही मालकाला विचारा, त्याच्याकडं एकोणीसच माणसं असतात. विसावा जो पोतं उचलताना दिसतो ना, तो मालकाचा मेहुणा असतो आणि सहज बसायला आलेला असतो. काम वाढतं, माल पडून राहतो, पण एकोणिसाचे वीस होत नाहीत. कामगाराच्या भल्यासाठी केलेला कायदा, आणि त्याच्याच धाकानं कामगार दाराबाहेर! पण तेव्हा मला त्यात काहीच विचित्र वाटलं नाही. मला वाटलं, याला म्हणतात हुशारी.

"पक्कं एकोणीस ना?" अक्का म्हणाल्या.

"पक्कं!"

"मंग मी आजच वाडीवर सांगून येते."

सोमवारी सकाळी मी नवं हजेरीपुस्तक काखेत मारून सोसायटीच्या शेडवर गेलो आणि दारातच थबकलो. समोर ही गर्दी! बाप्ये, बाया, डबे, पिशव्या. मला वाटलं, शेजारी कोणाचा साखरपुडा आहे. मोजलं. पुन्हा मोजलं. अडतीस.

"अक्का, ही माणसं किती?"

"एकोणीस."

"अहो, अडतीस आहेत!"

"मंग? एकोणीस कोयते म्हंजी अडतीसच की."

झालं!

तुमच्यापैकी कोणी आमच्या भागातलं नसेल तर सांगतो. ऊसतोडीला माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गडी आला तर तो अर्धा कोयता. टोळी पाच कोयत्यांची म्हणजे दहा माणसं, हे बीड जिल्ह्यात शेंबडं पोरही सांगेल. मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं! पण बी.कॉम. झाल्यावर माणसाला गावातलं काही आठवत नाही, फक्त कलमं आठवतात.

"मी माणसं म्हणालो होतो, अक्का."

"माणसं म्हणला न्हाईत. एकोणीस म्हणला. टोळी एकोणीसची म्हणल्यावर मी काय समजू?"

"मग निम्म्यांना परत पाठवा."

"कुठं पाठवू? ट्रक काल गेला. मुकादमाला समद्यांनी न्हाई म्हणून सांगितलंय. आता हितलं काम गेलं तर ऊस बी गेला आन् गर बी गेला."

आता आली का पंचाईत! तरी मी खुर्चीवर चढलो आणि जाहीर केलं, "प्रत्येक कोयत्यातल्या एकानंच थांबायचं. दुसऱ्यानं घरी जायचं."

मग कौसाबाई नावाची एक काटक बाई नवऱ्याकडं वळली. "कुनी जायचं वो? तुमी का मी?"

तिचा नवरा बाबूराव बिचारा सरळ. "तूच थांब. मला त्यो गर न्हाई निघायचा. माज्या हातात फळच चेंगरतं."

"आन् क्रेट कोन उचलंल? तुमचा काका?"

एकोणीस जोडप्यांची एकोणीस भांडणं एकदम सुरू झाली. कोणी जायला तयार नाही, कोणी कोणाला पाठवायला तयार नाही. आणि त्या गोंधळात माझ्या सुपीक डोक्यातून कल्पना निघाली. आणि कल्पनाही काय, अशी की आजही आठवली की कान गरम होतात!

मी म्हणालो, "थांबा! सगळ्यांनी कामाला लागा."

आणि हजेरीपुस्तकात एकोणीस ओळी लिहिल्या. बाबूराव, कोयता एक. किसन, कोयता एक. अशा एकोणीस. मजुरी दोघांची, ओळ एक! कायदा विचारील तर एकोणीस, आणि कामाला अडतीस हात नव्हे, शहात्तर! मी स्वतःवरच खूश होऊन चहा मागवला.

संध्याकाळी कौसाबाई वहीपाशी आली. चौथीपर्यंत शिकलेली, बोट ठेवून वाचत गेली.

"माजं नाव कुठं हाय?"

"हे काय, बाबूराव, कोयता एक. त्यात तुम्ही आलात."

तिनं वहीवरचं बोट उचललं नाही. अक्का बोलल्या. आवाज न चढवता बोलल्या, म्हणूनच जास्त लागलं.

"सचिवसायेब, वीस वर्सं मी ऊस तोडला. मोळ्या मीच बांदल्या, डोक्यावर घिऊन ट्रकात मीच टाकल्या. पर मुकादमाच्या वहीत नाव ह्यांचं. मी नुसता कोयता. लोकंडाचा अस्तो, तसा. ही सोसायटी काढली ती कावून काढली? हितं तरी बाईचं नाव बाईच्या पुढं यावं म्हणून. आन् तुमी हितं बी कोयताच लिवला?"

मी कलम सांगायला तोंड उघडलं.

"ऱ्हाऊ द्या," अक्का म्हणाल्या. मंगळवारी त्या सकाळच्या एसटीनं बीडला गेल्या. कशाला, ते मला सांगितलं नाही, आणि मी विचारलंही नाही. लाज वाटत होती, पण वही तशीच ठेवली. भित्र्या माणसाची लाजही भित्रीच असते.

गुरुवारी सकाळी बीडच्या वाटेवरच्या नेकनूरहून चहावाल्या दोस्ताचा फोन. "बे, तुमच्याकडं पीएफचा सायेब निघालाय! हितं चहा पेला, तुमच्याच सोसायटीचा रस्ता इचारला. जीप आत्ता गेली!"

धाड! दुसरं काय असणार? अक्का शेडमागं फळं निवडत होत्या, त्यांना विचारायलाही गेलो नाही. सरळ आत घुसलो.

"सगळ्या बायांनी घागरी घ्या आणि चौकात टँकरच्या रांगेत जाऊन उभ्या राहा!"

"टँकर आज न्हाई, परवा हाय," कौसाबाई म्हणाली.

"कौसाबाई, उभ्या राहा म्हटलं ना!"

सांगा, काय चुकलं होतं माझं? दुष्काळात पाण्याच्या रांगेत उभी असलेली बाई कोणाच्या डोळ्यात येते? नुसत्या लपवल्या असत्या तर सापडल्या असत्या. मी त्यांना उघड्यावर लपवलं होतं!

फक्त दोन गोष्टी विसरलो. एक म्हणजे त्यांच्या डोक्यावर गर काढताना घालायच्या पांढऱ्या टोप्या तशाच होत्या, हातात मोजेही तसेच. आणि दुसरी म्हणजे, दुष्काळातल्या गावात एकोणीस बाया घागरी घेऊन पळताना दिसल्या की काय होतं!

गाव उठलं. "टँकर आला, टँकर आला!" हंडे, कळश्या, बादल्या, एका घरातून तर भाताचं पातेलं भातासकट आलं. सरपंचांची आई काठी टेकत आली आणि सगळ्यांच्या पुढं उभी राहिली. पाच मिनिटांत चौक गच्च. आणि त्याच गर्दीत पीएफच्या साहेबांची जीप येऊन अडकली.

लोकांनी जीपला गराडा घातला. "सायेब, टँकर कुठंय? मागं हाय का?"

"कसला टँकर?" साहेब खाली उतरले. जाडसर, घामाघूम, पण चेहरा शांत. "मी सीताफळाच्या सोसायटीत आलोय. तिथं कामाला कोणी आहे का इथं?"

आणि रांगेतून हात वर गेले. पांढरे मोजे घातलेले. एकोणीस.

मी शेडच्या दारातून बघत होतो. खरं सांगतो, त्या क्षणी मला टँकरखाली झोपावंसं वाटलं, पण टँकरही नव्हता!

साहेब त्या एकोणीस जणींना घेऊन शेडवर आले. मागून अर्धं गाव, रिकाम्या हंड्यांसह. मी पुढं झालो. "साहेब, आमच्याकडं फक्त एकोणीस..."

"या, सायेब," मागून अक्कांचा आवाज आला. "लई लवकर आलात की. बीडला म्हणला होता, आठवड्यानं येतो म्हणून."

म्हणजे धाड नव्हतीच! अक्का बीडला जाऊन स्वतः बोलावून आल्या होत्या. ज्या साहेबाला बघून अख्खा बाजार शटर ओढतो, त्याला या बाईनं पाहुण्यासारखं घरी बोलावलं होतं!

"हे म्हणत्यात वीस झाले की कायदा लागतो," अक्का म्हणाल्या. "लागू द्या की. एकोणीस ठिवले असते तर निम्मं फळ काळं पडून फेकावं लागलं असतं. अडतीसांनी चार दिसांत एक बी फळ वाया जाऊ दिलं न्हाई. त्याच फळातून तुमचा हिस्सा भरू. जरा वढ बसंल, बसू द्या. पर आमच्या बायांची नावं लिवा."

माझ्या पुस्तकात हे वाक्य कुठल्याच पानावर नव्हतं. मी अभिमानानं सांगतो मंडळी, त्या दिवशी मला कळलं की माझ्या वर्गात जी कधी बसलीच नाही, ती खरी पहिली होती.

साहेबांनी टेबल मांडायला लावलं. एकेकीला बोलावलं. कौसाबाई आली.

"नाव?"

"कौसाबाई."

"पूर्ण नाव सांगा."

ती थांबली. मग म्हणाली, "येवढंच लिवा, सायेब. येवढंच माजं हाय."

साहेब हसले, पण फॉर्मला तेवढं पुरत नव्हतं, तेव्हा बाकीचं बाबूरावनं मागून सांगितलं. आणि सांगताना त्याचाच चेहरा फुलला होता. माझे डोळे उगाच चुरचुरले. सीताफळाची साल असेल.

सगळी नावं झाली. साहेबांनी पेन टेकवत मोजलं. "एकोणचाळीस."

मी संधी सोडतो का? चटकन म्हणालो, "अडतीस, साहेब! मोजण्यात चूक झाली. चेअरमन अक्का पगार घेत नाहीत, त्या धरायच्या नाहीत."

"त्यांना नाही धरलं. तुम्ही कोण?"

"मी सचिव."

"पगार कोण देतं?"

"सोसायटी."

"मग तुम्ही काय दत्तक आलात का?" साहेब शांतपणे म्हणाले. "एकोणीस ठेवले असते तरी विसावे तुम्हीच होता. कायदा तुमच्यामुळंच लागला असता."

बाहेर कोणाचा तरी हंडा ठणकन पडला. कामगार कायद्यात पहिला! माणसं मोजताना स्वतःला सोडून मोजत होता!

"ह्यांना कुठल्या कोयत्यात धरायचं?" कोणीतरी विचारलं.

कौसाबाईनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "लगीन झालंय का त्येंचं?"

"न्हाई."

"मंग अर्धा कोयता लिवा, सायेब!"

अख्खं गाव हंडे वाजवून हसलं. अक्काही हसल्या, पदर तोंडाला लावून. टँकरच्या नावानं धावलेल्यांनी तर मला पुढं महिनाभर शिव्या घातल्या, तो भाग वेगळाच.

आता माझं लग्न झालंय, दोन पोरं आहेत, नोकरी परळीला आहे. पहिलं पीएफचं खातं मात्र त्याच दिवशी उघडलेलं, मी जो कायदा टाळत होतो त्याच कायद्यानं! सोसायटी अजून चालते. कौसाबाई तिथं सुपरवायझर आहे. अधूनमधून ख्यालीखुशाली विचारायला मी फोन करतो. फोन तीच उचलते आणि रिसीव्हरवर हात न ठेवता आत ओरडते, "अक्का, अर्ध्या कोयत्याचा फोन हाय!"

आणि मी गुमान म्हणतो, "हो, मीच बोलतोय."