भाजलेली माती

रंगमंचावर मी कित्येकदा मेलो आणि टाळ्या घेऊन उठलो. दुःख कसं दिसतं ते आपल्याला कळतं, असा माझा समज होता. वहिनीनं तो मोडला.

वहिनी डोंगराखालच्या रोपवाटिकेत रोपांसाठी माती कालवायची. वाळू आणि चिकणमाती पत्र्यावर भाजायची, म्हणजे किडे मरतात. ती गार झाली की वरच्या जुन्या झाडांखालची माती मूठमूठ मिसळायची, ही मात्र कच्चीच. "हे विरजण, भावजी. याच्याशिवाय रोप नुसतं उभं राहतं, रुजत नाही."

विरजण आणायचं काम दादाचं. हिवाळ्यात तो माती घेऊन उतरत असताना उतार खचला. पोतं आधी सापडलं, दादा नंतर.

वहिनी रडली नाही. कामावर गेली. दादाच्या पोत्यातली माती तिनं इतर मातीबरोबरच पत्र्यावर ओतली आणि भाजली. सगळी.

रोपं उगवली ती पिवळी. त्याच खचलेल्या उतारावर ती लावायची होती. पहिल्या पावसात मुळं धरली नाहीत, तर उरलेला उतार खालच्या घरांवर येणार होता.

"बाई, तुम्ही आणि चूक?" मुकादम म्हणाला.

"चुकले," वहिनी म्हणाली. कुणी किती वाजले ते सांगावं, तसं.

नवं विरजण आणायला वर जायला कुणी धजेना. तिनं घमेलं उचललं. मी मागोमाग.

"तुम्ही कशाला? चार पावलांत धाप लागते तुम्हाला."

"अगं, राज्यं जिंकलीत मी! डोंगर काय चीज आहे?"

"मग मुकुट घरी ठेवून या. काट्यात अडकेल." बोलली, पण हसली नाही.

जुन्या झाडांखाली तिनं पाचोळा सारला. चार बोटं खोल काळी माती, तिच्यात बुरशीचे पांढरे बारीक धागे. मूठभर नाकाशी नेऊन ती थांबली. आजवर वासावरूनच पारखायची.

"मला वास येत नाही, भावजी. तेव्हापासून. तुम्ही बघा."

मी हुंगली.

"दादाच्या सदऱ्याला यायचा तसा," म्हणालो.

"मग चांगली आहे." तिनं घमेलं भरलं, पाचोळा होता तसा पसरला.

माती रोपांच्या बुडाशी कच्चीच घातली. पावसाच्या तोंडावर शेंडे हिरवे झाले. मुकादम धावत सांगायला आला.

"बरं झालं," वहिनी म्हणाली. मग वाफ्यातली चिमूटभर माती नाकाशी धरली, बराच वेळ, आणि झटकून टाकली.

"उद्या जरा लवकर या, भावजी. नवं पोतं हुंगायचंय."