मागच्या भिंतीपलीकडची अंडी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, माहेरी नाही, डॉक्टरांना तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. किंवा आता पोटात राहत नाही — तेच खरं.

मी मूळची परभणीकडची, सासर चऱ्होलीचं. नवऱ्याचं भोसरीत लेथचं वर्कशॉप, मी महाळुंग्याच्या एका कंपनीत क्वालिटीला. घरात एक मुलगी आणि सासूबाई. त्यांना मी आईच म्हणते. आई माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, आणि अंडं उंबऱ्याच्या आत येणार नाही म्हणजे नाही. नवरा भोसरीत गाडीवर भुर्जी हाणतो आणि बडीशेप चघळत घरी येतो. सगळ्यांना माहीत आहे, आईंनासुद्धा. बोलायचं नाही, एवढंच.

गेल्या वर्षी माझ्या छातीत गाठ निघाली. कॅन्सर. तो शब्द ऐकला आणि पुढचं काहीच ऐकू आलं नाही, ते सगळं सांगत बसत नाही. केमो सुरू झाली. आहाराच्या मॅडम होत्या तिथे, चांगल्या होत्या बिचाऱ्या. म्हणाल्या, वजन घटू द्यायचं नाही. डाळ, पनीर, घरचं ताजं दही, आणि चालत असेल तर रोज दोन अंडी, पूर्ण उकडलेली. कच्चं काही नको. आई शेजारीच बसल्या होत्या. मी मुद्दाम मोठ्यानं म्हटलं, "आमचं घर माळकरी आहे हो, अंडं चालत नाही."

मुद्दाम. हे लक्षात ठेवा.

मॅडम म्हणाल्या, मग डाळ-पनीर वाढवू. रिक्षात बसल्यावर आईंनी हळूच विचारलं, "किती येळ उकडायचं असतंय गं अंडं?"

तुम्हाला वाटेल, इथे मला भरून आलं असेल. नाही आलं. मला राग आला! का, ते सांगायला मागे जावं लागेल. मुलीच्या वेळी मला दिवस गेले होते, आणि डोहाळे कसले, तर अंड्याचे. कंपनीच्या कँटीनमध्ये खाल्लं एकदा, आणि भोळेपणानं घरी येऊन सांगितलं. आईंनी मला दारातच थांबवलं. अंगणात बसवून डोक्यावरून पाणी घ्यायला लावलं, मगच आत घेतलं. थंडीचे दिवस, पोटुशी मी, आणि शेजारीण गच्चीवरून बघतेय. ते मी गिळलं. पचलं मात्र नाही कधी.

तर आता त्याच बाई अंडी उकडणार होत्या. घरात नाही, मागे जुन्या गोठ्यात — वेगळी शेगडी, वेगळं पातेलं. उकडायची, सोलायची, मीठ-मिरपूड लावून वाटी माझ्या उशाशी ठेवायची, आणि लगेच न्हाणीघरात जाऊन पुन्हा आंघोळ. रोज. त्या न्हाणीघरात शिरल्या की मी वाटी उचलायची, मागच्या दारानं जायचं आणि दोन्ही अंडी भिंतीपलीकडे भिरकावायची. पलीकडे टॉवरची साइट चालू आहे. तिथल्या कुत्र्यांना वेळ पाठ झाली होती.

तोंडाला चव नव्हती, हे खरं. लोखंड चाटल्यासारखं लागायचं सगळं. पण भात-वरण मी गिळतच होते ना? अंडंही गिळता आलं असतं. मग का टाकलं? आतून तांब्यांचा आवाज यायचा — अंगावर पाणी पडल्याचा, त्यांच्या कुडकुडण्याचा — आणि मला तो ऐकायला बरं वाटायचं. हो. बरं वाटायचं. घे, तूही घे डोक्यावरून, असं म्हणायची मी मनात. ज्या बाईनं माझ्या जिवासाठी आपला नेम मोडला, तिला.

वजन उतरलं. रक्तातल्या पेशी कमी आल्या आणि डॉक्टरांनी पुढची केमो पुढे ढकलली. पेशी काही केवळ अंड्यावर चढत-उतरत नाहीत, हे त्यांनीच सांगितलं. पण खाणं नीट चाललंय ना, असंही विचारलं. मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाल्या, "खाती की! म्या सोता उकडून देते रोज." इतक्या अभिमानानं म्हणाल्या! आणि मी? मी पंख्याकडे बघत बसले.

घरी आल्यावर त्यांनी आपल्याआपण निष्कर्ष काढला. "माज्या हातचं लागंना तुला. गळ्यात माळ घालून अंडी शिजवली, मंग कसं लागंल?" आणि देवाची माफी मागायला गुरुवार धरला. कडक, नुसता चहा. त्यांना शुगर आहे. गोळ्या चालू आहेत. त्यांच्या डॉक्टरांनी उपास बंद करायला सांगितलाय, हे मला माहीत होतं. तरी मी गप्प! खरं बोलायला एक वाक्य लागलं असतं. तेवढं एक वाक्य माझ्याच्यानं निघालं नाही.

दुसऱ्याच गुरुवारी त्या गोठ्यात चक्कर येऊन बसल्या. मी वाटीची वाट बघत होते, ती येईना म्हणून गेले. घामानं डबडबलेल्या, आणि हातात अर्धं सोललेलं अंडं. धावत जाऊन साखरपाणी आणलं, घोट घोट पाजलं. जरा सावरल्या तर पहिलं काय म्हणाल्या? "तुजं अंडं गार झालं बघ."

मग मी तिथेच जमिनीवर बसले आणि त्यांच्यासमोर दोन्ही अंडी खाल्ली. लोखंडासारखीच लागली. रडतच खाल्ली. त्यांना वाटलं, चक्कर आली म्हणून रडतेय. तसंच वाटू दिलं.

त्यानंतर मात्र एक दिवस चुकवला नाही. अंडी खाल्ली, डाळ खाल्ली, रात्री दूध घेतलं, ओकारी आली तर थोडं थांबून पुन्हा खाल्लं. वजन वर आलं. राहिलेल्या केमो वेळेवर झाल्या, ऑपरेशन झालं, परवाचे रिपोर्ट चांगले आले. केस आलेत — कुरळे, मुलगी हसते. मी कंपनीत परत जॉइन झालेय. भूक लागते हो मला! सडकून भूक लागते. डब्यात काय असेल, याचा सकाळपासून विचार करते मी.

पण आई गावभर सांगतात, "म्या गुरुवार धरला, तवा पोरगी उठली." आणि तो गुरुवार अजून चालू आहे. नवऱ्यानं समजावलं, डॉक्टर रागावले, त्या ऐकत नाहीत. सोडला आणि हिला परत काही झालं तर? या भीतीनं ती बाई उपाशी राहते. आणि ही भीती मी घातली आहे तिच्या मनात. जुना राग होता, आजार होता, सगळं होतं. पण अंडी माझ्या हातानं टाकली, आणि गप्प मीच बसले. एवढं नीट कळलंय मला.

आज गुरुवार. मी रजा टाकलीय. मुगाचं वरण झालंय, भाकरी थापतेय, आई ओसरीवर नुसत्या चहावर बसल्यात. ताट आधी नेणार नाही. आधी जाऊन सांगणार आहे — सगळं, त्या तांब्यांच्या आवाजासकट. मग ताट वाढीन. माझ्या हातचं जेवायचं की नाही, ते त्यांचं त्या ठरवतील.