आंबट रसाचा नमुना

वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मी संशोधक विद्यार्थी झालो. त्याआधी नारायणगावात रसायनशास्त्र शिकवत होतो. एवढ्या उशिरा सुरुवात का केली, हे मला अजूनही नीट सांगता येत नाही.

विषय साखरेचा होता. विरघळलेली साखर पाण्याला सहजी सोडत नाही. तिला आपल्या पोकळीत धरून, पाण्यात न मिसळणाऱ्या द्रावकात ओढून आणील असा रेणू मी रचला होता. ग्लुकोजच्या पाण्यात तो चालला. "द्राक्षाच्या रसात चालला, तरच प्रबंधात हे प्रकरण राहील," मार्गदर्शक म्हणाले. द्राक्षांचा हंगाम संपेपर्यंत मुदत मिळाली.

खोडदला मावसभावाची बाग आहे. खालच्या बागेतल्या एकाच वेलीचा रस, अगदी कच्च्या द्राक्षांपासून पिकेपर्यंत, दर आठवड्याला पाठवावा, अशी विनंती मी वहिनींना केली. कच्च्या रसातून साखर थोडी निघायला हवी होती, पिकलेल्यातून भरपूर. चार आठवडे बाटल्या जीपने वेळेवर आल्या. चारही रसांतून साखर सारखीच निघाली.

दोष रेणूचा, हे मी लगेच मान्य केले. तशी मला सवय आहे. पोकळी एकदा अरुंद केली, एकदा रुंद. फरक पडला नाही. प्रयोगशाळेत काही चाखायचे नाही, हा नियम मी काटेकोरपणे पाळत होतो.

शेवटी, आता बाटली नको, हे सांगायला खोडदला गेलो. वहिनींनी रसाचा पेला पुढे केला.

"घ्या भाऊजी, वरल्या तुकड्यातला हाय. तुमाला धाडते त्योच."

बागेच्या वरच्या तुकड्याची छाटणी महिनाभर आधी झालेली, म्हणून तिथली द्राक्षे केव्हाच पिकलेली.

"पण मी खालच्या वेलीचा कच्चा मागितला होता."

"आंबट ढॅण रस धाडायचा व्हय? कालिजात चार लोक पीत असत्याल. आमच्या बागेला काय म्हनतील?"

तो कोणीही पीत नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगायला हवे होते.

खालच्या बागेत पानांआड थोडे हिरवे घड उरले होते. ते मीच तोडले; वहिनी तेवढ्यापुरत्या घरात गेल्या. रेणू पहिलाच वापरला. आंबट रसातून त्याने जेमतेम साखर काढली, गोड रसातून कितीतरी अधिक. कोणाला तरी सांगावे म्हणून वहिनींना फोन केला.

"आंबटात साखर कमी, हे मी चाखूनच सांगितलं असतं की भाऊजी. तुमी इचारलंच न्हाई."

प्रकरण राहिले. नमुन्यांच्या तक्त्यात त्या रसापुढे मी 'अपक्व' असे लिहिले आहे, आणि बागेचा उल्लेख टाळला आहे.