पूर्ण देवाचं धुकं

नागपुरात जन्मून, नागपुरातच सत्तरी गाठून उन्हाशी एक दिवसही समेट न केलेला माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. आमच्या बायका सख्ख्या बहिणी, त्यामुळे साडूभाऊंचं कौतुक आणि त्यांच्याबद्दलच्या तक्रारी, दोन्ही मला घरपोच मिळत आल्या. मे महिन्यात आपण खिशात कांदा ठेवतो, उन्हाला चार शिव्या देतो आणि सोसतो. साडूभाऊ ऊन मान्यच करत नाहीत. खसच्या कूलरसमोर, डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून ते जानेवारीत काढलेले कब्रस्तानाचे फोटो बघत बसतात. मी एकदा घाम पुसत म्हणालो, "बाहेर डांबर वितळून राहिलं." तर मला म्हणाले, "तुमच्याकडं वितळत असन. माझ्याकडं सकाळचे साडेसहा झाले, मफलर द्या."

होय, कब्रस्तानाचे फोटो. कामठीच्या वाटेवर एक जुनं, गोऱ्यांच्या काळातलं कब्रस्तान आहे. हिवाळ्यात तिथं चार-सहा सकाळी बरं धुकं पडतं, आणि तेवढ्यासाठी साडूभाऊ उरलेलं वर्ष काढतात. अंगात दोन स्वेटर, डोक्याला माकडटोपी, गळ्यात कॅमेरा. फाटकाशी चपला काढायच्या. मग ज्या थडग्याचा फोटो घ्यायचा त्याच्यासमोर वाकून विचारायचं, "साहेब, काढू का?" दगडावर बाईचं नाव असेल तर आवाज आणखी मऊ, "बाई, दोन मिनिटं हलू नका." घरी परतल्यावर साळीबाई, म्हणजे त्यांची बायको आणि माझी मेहुणी, त्यांना दारातच अडवायच्या आणि भर जानेवारीत अंगणातल्या नळाखाली बसवायच्या. साहेब मरून शंभर-सव्वाशे वर्षं झाली असली तरी मसणातून आलेल्या माणसाला आंघोळ लागतेच, हा त्यांचा नियम. "आता कायचं सुतक वं?" असं साडूभाऊ कुडकुडत विचारायचे. "तुमाले साहेब ताजा वाटते म्हणून तं रोज भेटाले जाता!" असं उत्तर यायचं, आणि वरून आणखी एक बादली.

ते कोष्ट्याच्या घरातले. वडील नागपुरी लुगडी विणत. माग केव्हाच गेला, पण विणणाऱ्याने पाय सोडून बसायचा मागाचा खड्डा तसाच राहिला. साडूभाऊंनी तो बुजवला नाही. त्याच्यापुढं कॉम्प्युटर मांडला आणि बापासारखेच खड्ड्यात पाय सोडून ते फोटोंवर काम करू लागले. नागपूरचं धुकं स्वभावानं कंजूष. फोटोत ते विरळ यायचं. मग साडूभाऊ थडग्यामागून थोडं, लिंबाच्या फांदीखालून थोडं असं दिवसदिवस स्वतःचं धुकं घालत. "बाप काठ विणत होता, मी धुकं विणतो," असं सांगताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा असे. फक्त एक शिस्त होती. वडिलांच्या लुगड्यात कुठं उणा धागा राहिला, तर ते लपवत नसत. त्या जागी काठाला लाल सुताची गाठ मारत, म्हणजे घेणाऱ्याला दिसावं. साडूभाऊ प्रत्येक फोटोच्या पाठीवर लाल शाईनं लिहीत: धुकं – देवाचं पाव, माझं पाऊण. किंवा निम्मं देवाचं, निम्मं माझं. देवाचा वाटा निम्म्याच्या वर गेलेला मला आठवत नाही.

त्यांच्या या कलेचा प्रसाद आमच्या घरालाही मिळाला. माझ्या मुलीच्या लग्नात फोटो काढायची जबाबदारी मी त्यांच्यावर टाकली. अल्बम आला तेव्हा नवरानवरी पांढऱ्या ढगात उभी, मागं मंगल कार्यालय नाहीसं, आणि वऱ्हाडी मंडळी पंगतीतून थेट परलोकाच्या वाटेला लागल्यासारखी. विहीणबाईंनी अल्बम मिटून ठेवला आणि एवढंच विचारलं, "पोरगी सासरी आली का स्वर्गात गेली?" साडूभाऊंनी मला बाजूला घेऊन कानात सांगितलं, "तुमच्या विहिणीले नजर आहे बरं. बरोब्बर ओळखलं."

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसलो, ती. सहा वर्षांपूर्वीच्या जानेवारीत मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. मला थडग्यांचा शौक नाही. परतताना सीताबर्डीत तर्री-पोहा खायचा, या बोलीवर मी जात असे. दुसरं कारण घरी सांगण्यासारखं नव्हतं. डॉक्टरांनी बिडी बंद केली होती, बायकोच्या डोक्यावर हात ठेवून मी शपथ घेतली होती, आणि अख्ख्या नागपुरात शांतपणे बिडी ओढायला मला तेवढंच ठिकाण उरलं होतं. एका भल्या मोठ्या साहेबाच्या थडग्यामागं मी उकिडवा बसलो होतो. दोन झुरके झाले असतील नसतील, तेवढ्यात साडूभाऊंची हाक आली. मी घाईनं बिडी शेजारच्या पाल्याच्या ढिगात खुपसली आणि फिरायला निघाल्यासारखा लांब जाऊन उभा राहिलो. पाला दवानं ओला. तो पेटला नाही, धुमसत राहिला. त्यातून पांढराशुभ्र, जड धूर निघाला आणि जमिनीला धरून थडग्याथडग्यांमधून हळूहळू चालू लागला. मी वळून पाहिलं, तर साडूभाऊ ओल्या गवतात गुडघे टेकून फोटो काढत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

"भाऊ," ते म्हणाले, "पाहून राहिले का? पायानं चालून राहिलं गा धुकं! डोळे भरून आले माझे."

डोळे कशानं भरले ते मला कळत होतं. पण खरं बोललो असतो तर अर्ध्या तासात ते एका बहिणीकडून दुसरीकडं पोचलं असतं. मी म्हणालो, "वा!" बस, एवढाच माझा गुन्हा. एका अक्षराचा.

साडूभाऊंची सगळी नोकरी कोराडीला, वीज केंद्राच्या राखेच्या विभागात झाली. धूर, वाफ, राख आणि धुकं मी डोळे मिटून नाकानं वेगळं सांगतो, अशी त्यांची ऐट होती आणि ती खरीही होती. पण त्या दिवशी त्यांना सर्दी झाली होती. त्यांनी त्या फोटोला कॉम्प्युटरवर हात लावला नाही. पाठीवर आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं: धुकं – पूर्ण देवाचं. गावातल्या हौशी फोटोवाल्यांच्या मंडळाच्या प्रदर्शनात कॉम्प्युटरनं काही न घातलेलेच फोटो घेत. तिथं त्यांनी तो पाठवला, आणि त्याला पहिलं बक्षीस मिळालं. हार गळ्यात घालून ते बोलले, "यात माझं काहीच नाही." पहिल्या रांगेत बसून मी सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या वाजवल्या.

इथवर ते हसण्यावारी नेता आलं असतं. पण त्या दिवसापासून साडूभाऊंनी कॉम्प्युटरवर चादर टाकली. "देवानं एकदा आपल्या हातानं देल्ल्यावर मी त्यात भर घालणं बरं नाही," म्हणाले. खड्ड्यावर फळी ठोकली. दर जानेवारीला, त्याच साहेबासमोर, त्याच वेळी ते जाऊन बसू लागले. तसं धुकं परत येणार होतं कुठून? पाच हिवाळे ते हात हलवत परतले. खोकला जडला. पण खोकल्यापेक्षा मला ती चादर जास्त टोचायची. दिवसदिवस धुकं विणण्यात रमणारा माणूस ओट्यावर बसून आल्यागेल्याला वेळ विचारू लागला होता. मी दर वर्षी ठरवायचो की आता सांगायचं, आणि दर वर्षी तर्री-पोहा खाऊन परत यायचो.

गेल्या जानेवारीत ते त्या गवतात बसले, खोकले, आणि स्वतःशीच म्हणाले, "काही चुकलं असन माझं. नाहीतं काहून येत नाही?" तेव्हा मात्र माझ्यानं राहवलं नाही. मी शेजारी बसलो आणि बिडीपासून टाळ्यांपर्यंत सगळं सांगितलं.

ते उठून साहेबाच्या थडग्यामागं वाकून बघून आले. मग विचारलं, "पाला लिंबाचा होता का सागाचा?"

"लिंबाचा असन."

"तरीच. सागाचा असता तं सर्दीतही समजलं असतं मले." बोटांवर मोजून म्हणाले, "सहा वर्षं गा भाऊ! राखेच्या विभागातल्या माणसाले तुम्ही बिडीनं फसवलं!" मग त्यांना हसू आलं. हसता हसता खोकला आला, आणि मी त्यांची पाठ चोळत राहिलो.

घरी आल्यावर त्यांनी भिंतीवरचा तो फोटो उतरवला. पाठीवरचं 'पूर्ण' खोडून 'थोडं' केलं आणि खाली लिहिलं: बाकी साडूभाऊचं. त्यांचा साडूभाऊ म्हणजे मी. मग पेन माझ्या हातात दिलं. "सही करा. अन् लिहून छापाले द्या. मंडळालेही समजलं पाहिजे. लाल गाठ ज्याची त्यानं मारावी." ती गाठ मी आज मारतो आहे. छापून आल्यावर बिडीची बातमी माझ्या घरी पोचेल आणि अंगणातल्या नळाखाली बहुधा माझीही पाळी येईल. येऊ दे.

परवा त्यांच्याकडं गेलो तर खड्ड्यावरची फळी निघाली होती. साडूभाऊ पाय सोडून बसले होते, आणि पडद्यावर मी होतो: त्या सकाळी साहेबाच्या थडग्याला टेकलेला, कबुली देऊन झाल्यावरचा. फोटो कधी काढला, मला कळलंच नाही. ते माझ्या पायांपासून धुकं घालत वर येत होते. गुडघे गेले, हात गेले, छातीशी येऊन ते थांबले.

"किती ठेवू तुमाले?" त्यांनी विचारलं.

मी थोडा विचार केला. "मफलर दिसू द्या," म्हणालो.

त्यांनी मफलर ठेवला. मग त्याच्या शेजारी, जरासं मागं, त्यांच्या माकडटोपीएवढी जागा मोकळी सोडली आणि पुढं विणू लागले.